अनुभवाचा शिक्का आणि आतला माल

(तृतीय वर्ष, वाणिज्य)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला बाजारातील शिक्क्यांची ओळख लवकर होते. मधाच्या बाटलीवर ‘ॲगमार्क’ दिसला की माल ठरलेल्या प्रतीचा आहे, असे गिऱ्हाईक धरून चालते. १९३७ सालच्या कायद्याने ही पद्धत सुरू झाली. बाटलीत निराळेच काही निघू लागले, तर त्या शिक्क्याला कोणी विचारणार नाही.

असाच शिक्का आता महाविद्यालयातील विषयांवर बसू लागला आहे. ‘हा विषय अनुभवाधारित आहे’ असे ठरले, की तो पुरा करणाऱ्याची पदवीची एक अट पुरी होते. हा शिक्का कोणत्या विषयाला द्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ कल्पना नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडले. नवे आहे ते मोजमाप. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक लागतात. त्यांपैकी २ ते ४ प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे, म्हणजे इंटर्नशिपचे. व्याख्यानाचा एक श्रेयांक १५ तासांचा, तर प्रशिक्षणाचा किंवा क्षेत्रकार्याचा ३० तासांचा. म्हणजे दोन श्रेयांकांसाठी ६० तास द्यावे लागतात. गोव्यातील महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आली.

माझे घर डिचोली तालुक्यातील कारापूरला. शिक्षणासाठी मी चोर्ला घाट ओलांडून बेळगावला असतो. उदाहरण गावाकडचेच घेतो. समजा, एकाने २० लाखांचा ट्रक खनिज वाहतुकीसाठी घेतला. घटत्या शिलकीच्या पद्धतीने १५ टक्के घसारा धरला, तर पहिल्या वर्षी ३ लाख आणि दुसऱ्या वर्षी २ लाख ५५ हजार वजा होतात. वर्गात आपण एवढे गणित बिनचूक सोडवतो. परंतु २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा आमच्या तालुक्यात ट्रक दारात उभे राहिले. उत्पन्न थांबले तरी कर्जावरचे व्याज थांबत नाही, उभ्या गाडीचा घसाराही चुकत नाही, आणि विकायला काढावी तर गिऱ्हाईक नाही. पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यांतील हे अंतर ट्रकमालकाच्या वहीसमोर बसल्यावाचून नीट कळत नाही.

आता दोन विषयांची कल्पना करा. एकाचे नाव ‘खाण व्यवसायाचे प्रत्यक्ष दर्शन’. त्यात बसने सहल, एक व्याख्यान आणि शेवटी सामूहिक छायाचित्र. दुसऱ्याचे नाव नुसतेच ‘जमाखर्च’. पण त्यात विद्यार्थी तीन महिने एखाद्या महिला स्वयंसहाय्य गटाची वही लिहितो आणि महिनाअखेर शिल्लक जुळवून देतो. नावावरून पाहिले तर शिक्का पहिल्याला मिळेल. कामावरून पाहिले तर तो दुसऱ्याला मिळायला हवा.

म्हणून शिक्का देण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

१. विद्यार्थी स्वतःच्या हाताने किती तास काम करतो? ऐकण्याचे व पाहण्याचे तास वेगळे दाखवावेत.

२. त्या कामाचा महाविद्यालयाबाहेर कोणाला उपयोग होतो काय?

३. चूक दाखवून देणारे माणूस कामाच्या जागी आणि महाविद्यालयात, दोन्हीकडे आहे काय?

४. पुस्तकात काय होते आणि कामात काय आढळले, हे विद्यार्थ्याने शेवटी लिहावयाचे आहे काय, आणि ते कोणी तपासते काय?

प्रत्येक विषयाला शिक्का हवाच, असे मात्र नाही. कंपनी कायदा किंवा अर्थशास्त्राची तत्त्वे वर्गात शांतपणे शिकण्याची आहेत. त्यांना ओढूनताणून सहल जोडल्याने कोणाचाच लाभ नाही. प्राध्यापकांवर नोंदवह्यांचा भार वाढेल, हा आक्षेपही खरा आहे. पण चार प्रश्नांची उत्तरे चार ओळींत मावतात.

यात आमच्यासारख्यांचे हित गुंतलेले आहे. केरी, पर्ये, मोर्ले येथील मुलाने पणजीच्या मोठ्या कंपनीत ६० तास भरायचे म्हटले, तर बसभाडे आणि जेवण घरचेच. आधीच संध्याकाळी दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मुलाला ते कोठून परवडावे? चार कसोट्यांना उतरेल असे काम गावच्या पतसंस्थेत, काजूच्या व्यापाऱ्याकडे किंवा पंचायतीच्या कार्यालयातही मिळू शकते. जागा मोठी की लहान, हे कसोटीत कोठेच येत नाही.

अनुभव हा शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांना आपला वाटतो. विद्यार्थी मित्रांनो, पुढच्या सत्राचा विषय निवडताना शिक्का जरूर पाहा. पण नाव नोंदवण्यापूर्वी ही चार उत्तरेही मागा. आणि विषयांच्या यादीत प्रत्येक शिक्क्याखाली ती छापली जावीत, एवढी विनंती गुरुजनांना आहे.