दोन पायांचं गाजर: फोटो जरूर काढा, पण कारणही शोधा



गेल्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर एका दादांनी गाजराचा फोटो टाकला. दोन पाय, त्यातला एक दुसऱ्यावर टाकलेला, जणू पारावर निवांत बसलेले आजोबा. सगळे हसले, मीही हसलो. असं काही सापडलं की काढणीचा शीण जातो. पोरं ते घरभर मिरवतात, कुणाला वांग्यात गणपती दिसतो. ही मजा घ्यायलाच हवी.

पण मी दादांना फोन करून एकच विचारलं, "अशी किती निघाली?" ते म्हणाले, "प्रत्येक तिसरं." म्हणजे तिसरा हिस्सा माल ग्रेडिंगलाच बाजूला. तिथे मात्र हसू थांबलं.

*आधी मोजा*
एका ओळीत सलग 100 नग मोजा. 2-4 वेडेवाकडे असतील तर ती निसर्गाची गंमत, सोडून द्या. 15-20 असतील तर शेत काहीतरी सांगतंय. ते कुठे आहेत तेही बघा: बांधाकडेला, ठिबकच्या शेवटच्या टोकाला, की मधे एका पट्ट्यात. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

*1) गाजर, मुळा: फाटे फुटणं*
गाजर आधी बारीक सोटमूळ खाली सोडतं, जाड नंतर होतं. सुरुवातीला त्या मुळाचं टोक खड्याला, ढेकळाला किंवा टणक थराला अडलं, की मूळ फाटे काढतं. कच्च्या शेणखतानेही तेच होतं. दादांच्या शेतात दोन कारणं सापडली. शेणखत कच्चं होतं आणि पेरणीच्या आठ दिवस आधीच टाकलेलं. शिवाय नुसता रोटाव्हेटर मारलेला, त्याखाली जमीन टणक.
पुढच्या पेरणीला: खोल नांगरट, पूर्ण कुजलेलं खत, गादीवाफा किंवा सरी-वरंबा आणि वेळेवर विरळणी. तंतुमुळांवर गाठी दिसल्या तर तो सूत्रकृमी असू शकतो. मग औषध आणण्याआधी मुळं मातीसकट केंद्रावर आणा.

*2) काकडी: वाकडी, एका टोकाला बारीक*
बहुतेक वेळा परागीभवन अपुरं झालेलं असतं. फळात जिथे बी धरत नाही, तो भाग फुगत नाही. एका फुलावर मधमाशीला बऱ्याचदा यावं लागतं. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात. त्याच वेळी कीटकनाशक मारलं तर आपलेच मजूर आपण हाकलले. या पिकांवर फवारणी संध्याकाळी करा. दोडका आणि दुधी संध्याकाळी फुलतात, तिथे पहाटे लवकर उरका.
पाण्याचा ताण किंवा पालाश कमी पडलं तरी काकडी बेढब होते. ठिबकच्या शेवटच्या टोकालाच वाकडी फळं असतील तर आधी ड्रिपर तपासा. शेडनेटमधल्या बिनबियांच्या काकडीला परागीभवन लागत नाही, तिथे पाणी आणि खतच बघा.

*3) कारलं: विंचवाच्या नांगीसारखं*
इथे माझी चूक सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका ताईंनी असाच फोटो टाकला होता. मी नुसता अंगठा दाखवला. आठ दिवसांनी प्लॉटवर गेलो तर फळमाशीने निम्मा तोडा नेला होता. माशी कोवळ्या फळाला टोचून अंडी घालते. तिथली वाढ थांबते आणि फळ त्या बाजूला वाकतं. फोटो मोठा करून बघितला असता तर टोचल्याचा डाग दिसला असता. तेव्हापासून मी प्रत्येक गमतीच्या फोटोला उलट प्रश्न विचारतो. राग मानू नका.
उपाय: किडकी आणि गळालेली फळं रोज गोळा करून खोल पुरा, बांधावर फेकू नका. वेलवर्गीय पिकाला क्यू-ल्युअरचे सापळे फळधारणेच्या सुरुवातीलाच लावा. आंब्याचा सापळा इथे चालत नाही.

*4) टोमॅटो, वांगं: नाक आलेलं*
फूल तयार होताना जास्त उष्णतेमुळे एखादा कप्पा जादा तयार होतो, त्याचं हे नाक. झाडावर एखाद-दुसरंच असतं. रोग नाही, कीड नाही. कुणी यावर बाटली विकत असेल तर घेऊ नका.
टोमॅटोच्या तळाला आडवेतिडवे व्रण आणि चुरगळलेला आकार असेल तर कळी धरताना थंडी लागलेली असते. पहिल्या तोड्यांत जास्त दिसतं, पुढे कमी होतं.

*5) पानंही वेडीवाकडी असतील तर सावध*
शेंड्याची पानं अरुंद आणि पिळवटलेली, फळं टोकदार, आणि हे बांधाकडेला जास्त. असं असेल तर शेजारच्या उसात टू-फोर-डी मारलं होतं का ते विचारा. वाऱ्याने उडालेला फवाराही पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, नुसता धुऊन भाजीला वापरू नका. काही विषाणू रोगही असेच दिसतात, म्हणून आधी फोटो पाठवा.

*मग या मालाचं काय?*
चवीत फरक नसतो. युरोपात पूर्वी वरच्या दर्जाच्या काकडीला नियम होता की 10 सेंमी लांबीला बाक 10 मिमीपेक्षा जास्त नको. 1 जुलै 2009 पासून काकडी-गाजरासह 26 फळं-भाज्यांवरचे असे नियम तिथे काढले. आपला व्यापारी मात्र सरळ मालच मागतो, कारण तो क्रेटमध्ये नीट बसतो. म्हणून वाकडा माल चांगल्या क्रेटच्या तळाशी लपवू नका. एक सापडला की अख्ख्या क्रेटचा भाव उतरतो. वेगळा भरा, आठवडी बाजारात, खानावळीला किंवा लोणच्याला द्या. किडका मात्र कुणालाच नको.

*आजचं काम*
यापुढे गमतीचा फोटो टाकताना सोबत तीन फोटो जोडा: भाजी मधोमध कापून, झाडाचा शेंडा आणि पूर्ण ओळ. खाली लिहा: 100 मध्ये किती, शेतात कुठे, शेवटची फवारणी कोणती. हसायला सगळे आहोतच, कारण शोधायची जबाबदारी माझी.

आपला,
कृषी सल्लागार