राज्याराज्यांची ढाल : ऑस्ट्रेलियातील राष्ट्रीय बेसबॉल स्पर्धा आणि तिचा बोध

एखादा खेळ देशात रुजावयाचा, तर त्याला केवळ गुणी खेळाडू पुरत नाहीत. गावच्या मैदानावर खेळणाऱ्या मुलाला आपल्या जिल्ह्यापर्यंत, राज्यापर्यंत आणि पुढे राष्ट्रीय संघापर्यंत जाण्याची वाट स्पष्ट दिसावी लागते. ही वाट आखण्याचे काम दरवर्षी नियमाने होणारी आंतरराज्य स्पर्धा करीत असते. ज्या देशात क्रिकेट हाच प्रमुख उन्हाळी खेळ आहे, त्या ऑस्ट्रेलियात बेसबॉलसारखा तुलनेने लहान खेळ अशा एका स्पर्धेच्या आधाराने कसा टिकून राहिला, याचा हा परिचय.

खेळाचे स्वरूप

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघात नऊ खेळाडू असतात आणि सामना सामान्यतः नऊ डावांचा असतो. मैदानावर समभुज चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार तळ असतात. एका तळापासून पुढच्या तळापर्यंतचे अंतर ९० फूट असते. चेंडू फेकणारा पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो, तर फटका मारणाऱ्याच्या मागे कॅचर बसतो. चेंडू टोलविणारा खेळाडू तीन तळ ओलांडून मूळ तळावर सुखरूप परतला, की एक धाव होते. तीन खेळाडू बाद झाले की फलंदाजीची पाळी बदलते. क्रिकेट जाणणाऱ्या वाचकाला या खेळातील झेल, फेक आणि धाव ही अंगे सहज समजतील.

ढालीचा जन्म

अमेरिकन व्यावसायिक खेळाडूंचे दोन संघ १८८८-८९ मध्ये जगप्रवासास निघाले. त्यांनी ऑस्ट्रेलियातील प्रमुख शहरांत सामने खेळून दाखविले आणि तेथील बेसबॉलला चालना मिळाली. पुढे राज्यांमध्ये अधूनमधून सामने होत असत. त्यांना स्थिर स्वरूप आले ते १९३४ साली. दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळलेले व बेसबॉलचे चाहते असलेले नॉर्मन क्लॅक्स्टन यांनी आंतरराज्य विजेत्यासाठी एक ढाल दिली आणि ॲडलेड येथे पहिली स्पर्धा झाली. हीच स्पर्धा 'क्लॅक्स्टन शील्ड' या नावाने प्रसिद्ध झाली. आपल्याकडे रणजी करंडक स्पर्धेचा आरंभही १९३४-३५ च्या हंगामात झाला आणि पहिला विजेता मुंबईचा संघ ठरला, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

देणगीदाराची मूळ कल्पना अशी होती, की जो संघ सलग तीन वर्षे जिंकेल, त्याने ढाल कायमची ठेवावी. दक्षिण ऑस्ट्रेलियाने १९३४, १९३५ व १९३६ अशी सलग तीन वर्षे विजय मिळविला. नियमाप्रमाणे येथेच स्पर्धा संपावयाची. परंतु ढाल एका राज्याच्या कपाटात बंद न करता तिच्यासाठी पुढेही खेळत राहावे, असे ठरले. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० ते १९४५ या काळात स्पर्धा होऊ शकली नाही, पण १९४६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या एका निर्णयामुळे ढाल फिरती राहिली आणि न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया, पश्चिम ऑस्ट्रेलिया व क्वीन्सलंड या राज्यांनाही तिची आस धरता आली.

अंतरावर शोधलेला उपाय

ऑस्ट्रेलियात पर्थहून सिडनीला जावयाचे तर सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. नोकरी-धंदा सांभाळून खेळणाऱ्या हौशी खेळाडूंनी दर आठवड्याला परराज्यात जाणे अशक्यच होते. म्हणून दीर्घकाळ अशी पद्धत राहिली, की सर्व राज्यसंघांनी एका शहरी जमावे आणि थोड्या दिवसांत परस्परांशी सामने खेळावेत. यजमानपद आळीपाळीने वेगवेगळ्या राज्यांकडे जाई. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला, निरनिराळ्या शहरांतील लोकांना उत्तम खेळ पाहावयास मिळाला आणि सर्व राज्यांतील खेळाडू एकाच ठिकाणी पारखता आल्याने राष्ट्रीय संघाची निवडही सोपी झाली.

अनेक दशके बेसबॉल हा तेथे हिवाळी खेळ होता. ऑस्ट्रेलियातील हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये येतो आणि त्या काळात क्रिकेट बंद असते. साहजिकच अनेक क्रिकेटपटू हिवाळ्यात बेसबॉल खेळत. ऑस्ट्रेलियाचे क्रिकेट कर्णधार व्हिक रिचर्डसन हे दक्षिण ऑस्ट्रेलियाकडून बेसबॉलही खेळले. त्यांचे नातू इयान चॅपेल त्याच राज्याचे कॅचर होते. भारतीय मैदानांवर खेळून गेलेले नील हार्वे व नॉर्म ओ'नील हेही बेसबॉलमध्ये निपुण होते. १९७० च्या दशकात बेसबॉल उन्हाळ्यात खेळला जाऊ लागला, तेव्हा मात्र खेळाडूंना दोहोंपैकी एकाची निवड करावी लागली.

व्यावसायिक प्रयोग

१९८९ मध्ये राज्यसंघांच्या जुन्या स्पर्धेची जागा व्यावसायिक लीगने घेतली. आठ संघांनी तिचा आरंभ झाला आणि काही राज्यांतून एकाहून अधिक संघ उतरले. खेळाचा दर्जा उंचावला, परंतु खर्चही वाढला आणि १९९९ मध्ये ही लीग बंद पडली. त्यानंतरचा नवा प्रयोगही फार काळ टिकला नाही. अशा वेळी नव्या शतकाच्या आरंभी राज्यसंघांची ढालस्पर्धा पुन्हा उभी राहिली, कारण राज्य संघटना, क्लब आणि स्वयंसेवक यांचा पाया मोडलेला नव्हता. याच काळात, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, ऑस्ट्रेलियाने उपांत्य सामन्यात जपानला १-० असे हरवून रौप्यपदक मिळविले.

२०१०-११ च्या हंगामात अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलच्या साहाय्याने नवी ऑस्ट्रेलियन लीग सुरू झाली. आरंभीचे सहा संघ पाच राज्यांच्या राजधान्यांचे व राष्ट्रीय राजधानी कॅनबेराचे होते. विजेत्यास देण्यासाठी नवा करंडक न घडविता क्लॅक्स्टन यांची जुनी ढालच ठेवण्यात आली. अमेरिकन संस्थेने २०१६ मध्ये अंग काढून घेतले, तरी लीग चालू राहिली.

आपल्यासाठी बोध

भारतातही बेसबॉलची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा राज्यसंघांमध्ये होते आणि आपल्या शालेय क्रीडास्पर्धांना तालुका, जिल्हा, विभाग व राज्य अशा पायऱ्या आहेत. या पायऱ्या कागदावर असणे वेगळे आणि खालची पायरी दरवर्षी प्रत्यक्ष वापरात असणे वेगळे. खालची पायरी एक वर्ष चुकली, तर त्या वर्षीच्या मुलांची संधी कायमची जाते. कारण पुढच्या वर्षी ती त्या वयोगटात उरत नाहीत.

म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य व क्रीडा अधिकारी यांनी काही साध्या गोष्टींकडे लक्ष द्यावे. स्पर्धेची तारीख दरवर्षी निश्चित असावी. यजमानपद एकाच मोठ्या गावाकडे न ठेवता आळीपाळीने फिरावे. संघांचा प्रवास कमी व्हावा म्हणून सामने सलग घ्यावेत. विजेत्यांची व खेळाडूंची नोंद शाळेच्या वा पंचायतीच्या दप्तरी जपावी. बक्षीस मोठे नसले तरी चालेल, पण ते फिरते असावे आणि त्यावर प्रत्येक वर्षीच्या विजेत्याचे नाव कोरलेले असावे. आपल्या गावाचे नाव तेथे कोरले जावे, ही इच्छा मुलांना मैदानावर आणते आणि मोठ्यांना त्या मैदानाची निगा राखावयास लावते.