सातशे

"विषबाधा आहे. कुणीतरी उंदरांचं औषध ठेवलं असेल." बुंदीला हातही न लावता डॉक्टरांनी सांगून टाकलं. धानाच्या दिवसांत देसाईगंजात हे कुणालाही पटेल, मलाही पटलं. मी घरभर उंदरांची गोळी शोधत फिरले आणि बुंदी पाण्याच्या वाटीवर हनुवटी टेकून बसलेली. तासन्‌तास. प्यायची मात्र नाही. या आजारात मांजर असं बसतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ज्यांना माहीत असायला हवं, त्यांनी विचारलंच नाही.

रक्त काढायचा हट्ट माझाच. नळी माणसांच्या लॅबमध्ये नेली. तिथला पोरगा हसला, "मांजरच त हाय न बाई." पण काउंट लावून दिला. पांढऱ्या पेशी ७००. डॉक्टरांनी कागदावर हिमोग्लोबिन तेवढं पाहिलं. "रक्त चांगलं आहे. बाकीचं सोडा, मशीन माणसांची आहे."

माणसांची मशीन मांजराच्या प्लेटलेट मोजताना फसते, हे खरं. त्या जवळजवळ लाल पेशींएवढ्या असतात. पण पांढऱ्या पेशी साडेपाच हजारांच्या पुढे हव्यात, तिथे सातशे! शंका होती तर काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा होता. तेही नाही.

बुंदी तिसऱ्या पहाटे गेली. संध्याकाळी माझ्या दुसऱ्या मांजरीने, शेवने, पिवळी उलटी केली, तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत नागपूर गाठलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बुंदीचा कागद मागितला, सातशेवर पेनने गोल काढला आणि म्हणाल्या, "हा कोणी पाहिला नाही?" तो गोल अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मग शेवच्या शीची तपासणी, कुत्र्यांच्या पार्वोच्या पट्टीवर. विषाणू एकाच घराण्यातले, म्हणून ती मांजरालाही चालते. दोन रेघा उमटल्या. पॅनल्युकोपेनिया, पांढऱ्या पेशी संपवणारा आजार. शेवचा काउंट त्या दिवशी ६२०० होता, दुसऱ्या दिवशी २१००. म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला तरी चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्याच. पट्टीही कधी चुकते, आणि नुकती लस दिली असेल तर उगाच रेघ दाखवते. रक्ताचा रिपोर्ट आणि पट्टीचा निकाल शेजारी ठेवून वाचायला सांगा. अल्ब्युमिन आणि पोटॅशियमही करून घ्या. अल्ब्युमिन तीनच्या किंवा पोटॅशियम चारच्या खाली असलं तर धोका जास्त. आणि जे काय करायचं ते लवकर करा.

विषाणू मारणारं औषध नाही. सलाईन, उलटीचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, एवढ्यावर शेव वाचली. लस मात्र आहे: सहा-आठ आठवड्यांना पहिली, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. मला "रेबीजची पुरे" असं सांगणारेही तेच डॉक्टर. फिनाईलने फरशी पुसू नका. विषाणू मरत नाही, मांजराला मात्र ते विष. एक भाग ब्लीचला बत्तीस भाग पाणी, दहा मिनिटं ओलं ठेवायचं. तरी वर्षभर नवं पिल्लू आणू नका.

चंद्रपूरहून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात नेलेले वाघ बर्ड फ्लूने गेले, तेव्हा नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेकडे धावले. धावायलाच हवेत. माझा कागद चार पावलं दूर होता.

परवा बाजारात तेच डॉक्टर भेटले. "काय म्हणते मांजर?"

"कोणती?" मी विचारलं. ते वांगी निवडायला लागले.