दारू सुटल्यानंतरची उदासी

दारू सुटली की सगळं सुटलं, असं लोक धरून चालतात. पहिली दोन-तीन वर्षं घरचे, शेजारचे, कामावरचे पाठ थोपटतात. पुढे न पिणं हीच रोजची गोष्ट होते आणि कौतुक थांबतं. अशा वेळी, काहीही वाईट घडलेलं नसताना, मनावर मळभ येऊ शकतं. मी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात काम करतो, दर आठवड्याला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या (एए) मीटिंगला जातो आणि बरीच वर्षं सोबर आहे. या काळात उदासीने मला मोठा तडाखा दिला. त्यातून जे कळलं ते एकट्याने कुढत बसलेल्यांसाठी लिहितो आहे.

१. उदासी आली म्हणजे सोब्रायटी वाया गेली असं नाही.
दारू नुकती सोडल्यावर येणारी उदासी बऱ्याच जणांची तीन-चार आठवड्यांत उतरू लागते. वर्षानुवर्षं न पिता आलेलं नैराश्य मात्र बहुतेकदा वेगळा आजार असतो आणि त्याला वेगळे उपचार लागतात. एएचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी डिसेंबर १९३४ मध्ये दारू सोडली. दहा वर्षांनी, १९४४ च्या सुमारास, त्यांना नैराश्याने गाठलं आणि पुढे कित्येक वर्षं छळलं. ते पुन्हा प्यायले नाहीत. १९५८ साली त्यांनी संघटनेच्या मासिकात याविषयी मोकळेपणाने लिहिलं. लाखोंना वाट दाखवणाऱ्या माणसालाही हे चुकलं नाही.

२. ‘प्यावंसं वाटतंय का?’ एवढं विचारून भागत नाही.
संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज पेलत निघतात. अख्खं गाव रस्त्यावर असतं. उदासी आली त्या वर्षी मी नातवाला खांद्यावर घेऊन गर्दीत उभा होतो. तो टाळ्या पिटत होता, आणि मला आतून काहीच वाटत नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही, दारूची आठवणही नाही. घरी बायकोने काळजीने तोच प्रश्न विचारला. मी ‘नाही’ म्हणालो, ते खरंच होतं, आणि तिचा जीव भांड्यात पडला. घरच्यांनो, त्याच्यापुढे आणखी विचारा: झोप लागते का? जेवण जातं का? कशात मन रमतं का?

३. दोन आठवडे गेले तर डॉक्टरांकडे जा.
पहाटे तीनला जाग येणं, भूक मरणं, चिडचिड, कामावर टॉवेलच्या गठ्ठ्यांची साधी बेरीज पुन्हा पुन्हा चुकणं, हे सलग दोन आठवडे चाललं तर तो ‘मूड’ नव्हे. आपल्या सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. केस पेपर काढायचा आणि रांगेत बसायचं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. थायरॉइड बिघडला किंवा बी-१२ कमी झालं तरी असंच वाटू शकतं, म्हणून रक्त तपासायला सांगितलं तर टाळू नका. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झालं, तेव्हा त्यामागे डॉ. अनिता अवचट या मानसोपचारतज्ज्ञ उभ्या होत्या, हे लक्षात ठेवा. व्यसन आणि मन यांचा इलाज एकमेकांपासून तोडता येत नाही.

४. डॉक्टरांना दारूचं सगळं आधी सांगा.
झोपेच्या आणि घबराटीवरच्या काही गोळ्यांची सवय लागते, आणि आपल्यासारख्यांना तो धोका जास्त असतो. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी नशा येत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि त्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. मला त्या गोळ्यांचा गुण आला तो जेवताना कळला: भाकरीबरोबरच्या शेंगाचटणीचा तिखटपणा कितीतरी दिवसांनी जिभेला जाणवला. मीटिंगमध्ये कुणी ‘गोळ्या म्हणजे दुसरी नशाच’ म्हणालं तर ऐकू नका. सभासदाने डॉक्टर बनू नये, असं एएची पुस्तिकाच बजावते.

५. वेळेला बांधलेलं एक काम सोडू नका.
सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा अवेळी येतं. उठवत नव्हतं त्या दिवसांतही पाणी आलं की उठावंच लागायचं. मोटार लावायची, बॅरल भरायचा, हंडे आत घ्यायचे. तेवढं झालं की अंघोळ व्हायची, अंघोळ झाली की चहा. ‘मन झालं की करू’ म्हणून वाट बघितली तर नैराश्यात मन होतच नाही. आधी हातपाय हलवायचे, मन मागून येतं. नळाला पाणी नाही त्या दिवशी मी सकाळी कंबर तलावाकडे चालायला जातो.

६. भूक, राग, एकटेपणा, थकवा, यांच्यावर नजर ठेवा.
मे महिन्यात पारा चव्वेचाळीसकडे जातो, रात्रभर पंखा गरम वारा फेकतो आणि झोपेचं खोबरं होतं. झोप गेली की उदासी दुप्पट होते. त्या दिवसांत जादा पाळी घेऊ नका, उपाशीपोटी राहू नका.

७. जुने असलात तरी मीटिंगमध्ये खरं बोला.
नवे लोक आपल्याकडे बघून धीर धरतात, म्हणून जुना माणूस दुखणं लपवतो. माळकऱ्यांचंही तसंच. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. माळ घालून दारू सोडलेले कितीतरी जण इथे आहेत. त्यांना वाटतं, आपण खचलो म्हणजे भक्ती कमी पडली. तसं नाही, आणि कुणी त्यांना तसं म्हणूही नये. मी एका सोबर मित्राला सगळं सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मलापण झालं होतं.’ नव्या माणसाला हेही कळायला हवं, की न पिता यातूनसुद्धा जाता येतं.

८. मरणाचे विचार आले तर त्याच क्षणी बोला.
उद्यावर टाकू नका. १४४१६ हा सरकारच्या टेलिमानसचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. घरच्यांनी त्या माणसाला एकटं सोडू नये, गोळ्या आणि औषधं आपल्या ताब्यात घ्यावीत आणि लगेच दवाखाना गाठावा. बोलायला धीर होत नसेल तर फोन दुसऱ्याला लावायला सांगा. दारू सोडताना आपण हात पसरून मदत मागितली आणि ती मिळाली. इतक्या वर्षांनंतरही ती पुन्हा मागण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.