अभ्रकाचे पदर

अभ्रक हे एक खनिज आहे. आमची विजेची इस्त्री बिघडली तेव्हा बाबांनी ती खोलली. आतून अभ्रकाचे पान निघाले. मी नखाने त्याचा पदर काढला. मग त्या पदराचाही पदर निघाला! गुरुजी म्हणाले, एक मिलिमीटर जाड अभ्रकात सुमारे १० लाख थर असतात. एवढे नखाने थोडेच निघणार?

पेन्सिलीतले ग्रॅफाइटही थराथरांचे असते. ते आम्लात भिजवून एकदम खूप तापवले की थरांत शिरलेल्या आम्लाचा वायू होतो आणि ते लाहीसारखे फुलते. २००४ साली मँचेस्टरच्या गाइम आणि नोवोसेलोव या शास्त्रज्ञांनी तर साध्या चिकटपट्टीने त्याचा एकच थर सोडवला. २०१० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मीपण चिकटपट्टी लावली, पण नुसती वही काळी झाली.

आपल्या जुन्या वैद्यांनी अभ्रक विस्तवात टाकून चार जाती ओळखल्या. पदर सुटतात तो पिनाक. बेडकासारखा आवाज करतो तो दर्दुर. फुसफुसतो तो नाग. (आमच्या नागावचा याच्याशी काही संबंध नाही, मी विचारले.) काहीच करत नाही तो वज्र. औषधाला वज्रच लागतो. मग त्याचे पदर कसे सोडवायचे? तो लालबुंद तापवून गाईच्या दुधात नाहीतर त्रिफळ्याच्या काढ्यात बुडवतात. असे सात वेळा. मग चौथा हिस्सा भात मिसळून कांबळ्यात बांधतात, कांजीत भिजवतात आणि चोळतात. भाताने घासून अभ्रकाची बारीक भुकटी कापडातून बाहेर येते. तिला धान्याभ्रक म्हणतात. पुढे गोवऱ्यांच्या आगीत पुटे द्यायची. शंभर दिली की शतपुटी भस्म, हजार दिली की सहस्रपुटी. आपल्या जिल्ह्यात पनवेलला १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. तिथे अशी भस्मे करतात.

माझ्या आजीला खोकला आहे. पूर्वी वैद्य तिला मधातून अभ्रक भस्म द्यायचे. म्हटले, आपणच करू. पान चिमट्याने चुलीत धरले, लाल झाले की दुधात. चर्र! सात वेळा केले. आईचे कपभर दूध गेले. मग भात घालून पोत्यात चोळले. हात सोलले, पण चिमूटभर भुकटी झाली.

आजीने ती उन्हात नेऊन बोटांत चोळली. बोटे चमचम करू लागली. ती म्हणाली, "अरे बाळा, यात अजून चांदणे आहे. सगळी चमक गेली पाहिजे. वैद्य त्याला निश्चंद्र म्हणायचे. हे पोटात नाही हो घ्यायचे." मला रडू आले.

दुसऱ्या दिवशी बाबा तिला अलिबागला डॉक्टरांकडे घेऊन गेले. आता खोकला कमी आहे. भुकटी आईने रांगोळीत घातली. दुधाबद्दल मात्र ती अजून बोलते.

– इयत्ता चौथी