ठोकळ्याखालचे लाकूड

चि. सोनूस,


तुझे पत्र आणि सोबतचे रेखाटन मिळाले. फूटभर चौरस, तीन फूट उंच असा काँक्रीटचा ओतीव ठोकळा आणि त्याच्या अंगावर जुन्या दाराच्या कोरीवकामाचा ठसा, ही कल्पना मला फार आवडली. पण ठोकळ्याची चारही अंगे तू बारकाईने काढली आहेस आणि खालच्या लाकडी घोडीच्या जागी नुसत्या दोनचार रेघा आहेत. ती प्रदर्शनाआधीच्या शेवटच्या आठवड्यात सुताराकडून करून घेईन, असे लिहितेस. हे मला पटत नाही. घोडी शिल्पाचाच भाग आहे. काँक्रीट कालवण्याआधी तिचा आराखडा पक्का झाला पाहिजे.

ब्रांकुसीची कामे तू बघतेसच. शिल्पकार होण्याआधी रोमानियात क्रायोव्हाच्या हस्तकला शाळेत तो लाकूडकाम शिकला होता. पुढे पॅरिसला शिल्पांखालच्या बैठका तो स्वतः घडवी. कधी ओकच्या, कधी चुनखडीच्या, कधी एकीवर एक रचलेल्या. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांनी त्याची पक्ष्याची तीन शिल्पे घेतली. त्या शिल्पांसाठी मंदिर बांधायचे ठरले आणि १९३७-३८ च्या हिवाळ्यात तो इंदूरला येऊनही गेला. मंदिर झाले नाही. पण त्या पक्ष्यांची छायाचित्रे बघशील तेव्हा नजर खाली आण. निमुळता पाय बैठकीत उतरतो ती जागा बघ. तो पक्षी जमिनीवरून सुटल्यासारखा वाटतो की नाही, ते तिथे ठरते.

आता तुझा ठोकळा. काँक्रीट घनफुटाला सुमारे ६८ किलो भरते, म्हणजे तुझे तीन घनफूट दोनशे किलोंच्या पुढे जाणार. तो नुसता जमिनीवर ठेवला तर त्याचा गुरुत्वमध्य दीड फुटावर येतो आणि जवळजवळ १८ अंश कलल्याशिवाय तो पडत नाही. तोच अडीच फुटी घोडीवर चढवलास आणि घोडीचे पाय ठोकळ्याच्याच मापात सरळ खाली नेलेस, की गुरुत्वमध्य चार फुटांवर जातो. मग सात अंशांचा कल पुरतो. प्रदर्शनात लहान मुले येतात, कोणी पाठ टेकून फोटो काढतात. खाली पाय दोन फुटांपर्यंत फाकवलेस तर हाच आकडा १४ वर जातो. तीन पाय ठेवायचा तुझा विचार आहे. तीन पायांची घोडी उंचसखल फरशीवर डुगडुगत नाही, हे खरे. पण पाय फूटभर त्रिज्येच्या वर्तुळावर असतील, तर दोन पायांमधल्या बाजूला मध्यापासून सहाच इंचांचा आधार उरतो. त्याच वर्तुळावर चार पायांना साडेआठ इंचांचा मिळतो. तू चारच ठेव.

वजन ऐकून तू पाय जाड करशील, सगळेच करतात. त्याची गरज नाही. तीन इंची चौरस सागवानी पाय, लाकडाच्या रेषा उभ्या असल्या की, तुझ्या ठोकळ्याच्या कितीतरी पट भार पेलतो. घोडी मोडते ती बहुधा सांध्यात, आडव्या हिसक्याने. म्हणून लाकूड पायांत न घालता पायांना बांधणाऱ्या पट्ट्यांत घाल. वरची पट्टी पाच-सहा इंच रुंद, उभी ठेवलेली, तिचे कुसू पायाच्या खोबणीत खांद्यापर्यंत घट्ट बसलेले. हे नको असेल तर तिरपी कैची दे. आणि ठोकळा बसणारी चौकट पायांच्या डोक्यावर टेकू दे, बाजूने स्क्रूवर लटकवू नकोस. स्क्रूचे काम लाकूड जागेवर धरून ठेवायचे. वजन लाकडातून लाकडावर उतरले पाहिजे.

लाकूड जुने घे. पुण्यात वाडे उतरतात तेव्हा सागवानी तुळया विकायला येतात, त्या चांगल्या मुरलेल्या असतात. रंध्याखाली घालण्याआधी तुळईवरून लोहचुंबक फिरव. आत मोडलेला खिळा असतोच, आणि एका खिळ्याने पात्याला खांडे पडतात. मुरलेले लाकूडही हलते, हे धरून चाल. रेषांच्या दिशेने नाही म्हटले तरी चालेल, पण आडवे हलते. फूटभर रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळा यांच्या दरम्यान दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होते. तेव्हा वर फळी घालणार असशील तर ती चौकटीला चारही बाजूंनी डिंकाने जखडू नकोस, स्क्रूची भोके लांबट ठेव. ठोकळ्याच्या बुडाला खोबण ठेवून त्यात लाकडी खुंटी बसवायचा विचारही तू लिहिला आहेस. विचार चांगला आहे, पण खुंटीभोवती सैल जागा सोड. पावसात फुगलेली खुंटी ओतीव कामाची कड फोडू शकते. ओतताना ती खोबण थर्माकोलच्या तुकड्याने राखता येईल. म्हणूनच म्हणतो, आराखडा आधी.

काँक्रीट कोरडे व्हायला वेळ लागतो, त्यामुळे ताजा ठोकळा थेट लाकडावर ठेवू नकोस. मधे पाच मिलिमीटर जाडीचे रबराचे तुकडे ठेव. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस वापर, ओल्या लाकडात लोखंड काळे डाग सोडते.

एक गोष्ट सगळे विसरतात. ठोकळा वर चढवणार कसा? चेनपुलीचे पट्टे त्याच्या बुडाखालून जाणार. ठोकळा टेकल्यावर ते ओढून काढता यायला हवेत. त्यासाठी चौकटीत दोन खाचा ठेव, पट्ट्याच्या रुंदीहून बोटभर मोठ्या. ठोकळा उतरवताना बुडाखाली कोणीही हात घालायचा नाही. नेम साधायला हाताऐवजी फळीचा तुकडा वापरा.

घोडी तयार झाली की आधी तिच्यावर वाळूची पोती रच. ठोकळ्याच्या दीडपट वजन, रात्रभर. सकाळी गुण्या लावून बघ आणि प्रत्येक सांध्यात कागद सरकतो का ते तपास. त्यानंतरच ठोकळा.

लाकूड इतक्यात घेऊ नकोस. घोडीचे पूर्ण मापाचे चित्र जमिनीवर खडूने काढ, त्याभोवती फिरून किती उंची डोळ्याला बरी वाटते ते ठरव आणि मला तीन गोष्टी कळव: ती उंची, पायांचा फाकवा आणि प्रदर्शनाची खोली कितव्या मजल्यावर आहे.

तुझा,
मामा