अडलेली नस्ती

१९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यानंतर पनवेल तालुक्यात शेतजमिनींचे रूप पालटले आणि वारस व फेरफार नोंदींना मोठे मोल आले. अशा ठिकाणी एका कर्मचाऱ्याने नस्ती विनाकारण अडविली, तर हानी त्याच्या टेबलापुरती राहत नाही. सातबारा अद्ययावत होत नाही, मोबदला वा कर्ज अडते. अर्जदाराच्या हेलपाट्यांना उत्तरे देण्यात सहकाऱ्यांचेही तास खर्ची पडतात. हजेरीपत्रकात मात्र हे काहीच दिसत नाही! राज्याच्या २००५ च्या विलंब प्रतिबंधक अधिनियमानुसार नस्ती सामान्यतः कोणाकडेही ७ कामकाजाच्या दिवसांहून अधिक राहू नये. हेतुपुरस्सर विलंब शिस्तभंगास पात्र ठरतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात ५०० ते ५,००० रुपये शास्ती आहे. पण ती पदनिर्देशित अधिकाऱ्यास होते, नस्ती अडविणारा हात निराळा असू शकतो.